हवेलीसमोरचा बाक

जिलानी टेलरच्या आलियाला अमेरिकेची नोकरी लागली, ही बातमी नांदेडच्या त्यांच्या गल्लीत दुपारपर्यंत पसरली आणि संध्याकाळपर्यंत तिला शिंगं फुटली. कुणी म्हणालं, मोठ्या हॉटेलात मॅनेजर झाली. कुणी म्हणालं, विमानात लागली. खरं एवढंच होतं, की तिच्या हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात एक एजन्सी आली होती, मुलाखती झाल्या होत्या, आणि फ्लोरिडातल्या एका अवाढव्य मनोरंजन पार्कात वर्षभर काम करायला आलियाची निवड झाली होती. कागदोपत्री त्याला सांस्कृतिक देवाणघेवाण म्हणत.

"मतलब करना क्या है वहाँ?" शकिलानं, तिच्या आईनं, विचारलं.

"अपने मुल्क के बारे में लोगां को बताना, अम्मी."

"तू मुल्क का क्या देखी गे? हैदराबाद के आगे गई कभी?"

आलिया हसली, पण बोलणं खरं होतं. लग्नाकार्याला हैदराबाद, शाळेच्या सहलीत माहूर, आणि गेल्या वर्षी धाकट्या भावाला, फैजानला, सोडायला लातूर. यापलीकडे तिनं काही पाहिलं नव्हतं. जिलानीनं शिलाई मशीनवरचा पाय काढला नाही. हातातली शाळेच्या गणवेशाची बाही पुरती शिवून झाल्यावर तो म्हणाला, "जाने दो. बेटा लातूर गया, बेटी अमेरिका जाती. मशीन तो इधरीच है."

त्या घराचा सगळा जीव लातुरात अडकलेला होता. भूकंपात लातूरचं नाव देशभर झालं ते पडझडीमुळं. आता ते क्लासेसमुळं होत होतं. मराठवाड्यातल्या प्रत्येक घराला आपलं पोर तिथं ठेवलं म्हणजे डॉक्टर होणारच असं वाटायचं. फैजान हुशार होता. तो लातूरला गेला तेव्हा शकिलानं त्याच्या पेटीत लोणच्याची बरणी ठेवली आणि आठवडाभर तिला स्वतःला जेवण गेलं नाही. आलियाच्या वाट्याला हॉटेल मॅनेजमेंट आलं, कारण फैजानसाठी बाजूला काढल्यावर घरात जे पैसे उरत होते त्यात तेवढंच बसत होतं. तिनं कधी तक्रार केली नाही. पण विमान वर उठलं तेव्हा तिला वाटलं, आता तरी कुणी विचारेल, की आलिया, तुझं काय?

पार्कात एक खणून केलेलं तळं होतं आणि त्याच्या काठानं देशोदेशींची गावं उभी केलेली होती. भारताच्या वाट्याला एक गुलाबी हवेली आली होती. तिच्या वरच्या मजल्याला जाळीच्या खिडक्या होत्या, पण खिडक्यांमागं खोल्या नव्हत्या, छत तोलणाऱ्या लोखंडी कैच्या होत्या. तिथं आरशांचा घागरा घालून आणि तांबडी ओढणी घेऊन आलियानं उभं राहायचं, येणाऱ्याला हात जोडून "नमस्ते" म्हणायचं आणि हसायचं. छातीवर बिल्ला होता: आलिया, नांदेड. असला घागरा तिच्या खानदानात कुणी घातला नव्हता. घरी ती सलाम करायची, शाळेत नमस्कार करायची. हे "नमस्ते" कुणाचं होतं ते तिला कळत नव्हतं. लोक ताजमहालाविषयी विचारायचे, हत्तींविषयी विचारायचे. ती पाठ केलेली उत्तरं द्यायची. नांदेडविषयी कुणी विचारलं नाही.

सोबतच्या मुली दिल्ली-मुंबईच्या होत्या. वाईट नव्हत्या, पण त्यांच्या भरभर इंग्रजीत शिरायला आलियाला जागा सापडेपर्यंत विषय बदललेला असायचा. सुट्टीच्या दिवशी त्या समुद्रावर जायच्या. आलिया कपडे धुवायची आणि खिडकीशी बसून खालच्या गाड्यांच्या रांगा बघायची. दिवसभर माणसांच्या लोंढ्यात उभं राहायचं, सगळे हसताहेत, पोरं किंचाळताहेत, आणि त्या एवढ्या गर्दीत आपल्याला नावानं हाक मारणारं कुणी नाही, हे हळूहळू तिच्या अंगावर येत गेलं. घरी फोन केला की शकिला विचारायची, "खाना खाई?" मग बोलणं फैजानच्या टेस्टवर जायचं. पाळणे किती उंच आहेत ते आलिया सांगायची. बाकीचं सांगायचं राहून जायचं.

वसंत ऋतूतली गोष्ट. चहाच्या कागदी पेल्यांचा ट्रे घेऊन ती हवेलीच्या पायऱ्या उतरत होती. पाय घागऱ्यात अडकला आणि ती ट्रेसकट खाली आली.

"अगं माय गं!"

तोंडातून निघून गेलं. आणि समोरच्या बाकावरून आवाज आला, "लागलं का गं बाई?"

आलिया फरशीवर तशीच बसून राहिली. गुडघा ठणकत होता, पण तिचं तिकडं लक्षच नव्हतं. बाकावर एक म्हातारा बसला होता. खाली धोतर, पायात पांढरे स्पोर्ट शूज, वर कुठल्याशा कंपनीचं नाव छापलेला सैल सदरा आणि कपाळावर भस्माचे आडवे पट्टे.

"तुम्ही... मराठी?"

"मंग काय इंग्लिश दिसून राहिलो का? कोणतं गाव तुझं?"

"नांदेड."

"आरं तिच्या मारी!" म्हातारा उठूनच उभा राहिला. "मी लातूरकडचा. किल्लारीच्या अलीकडं गाव हाय आमचं. नांदेडाला किती बारी आलोय! लोहा, माळाकोळी, अहमदपूर..."

"शिरूर, चाकूर," आलिया म्हणाली.

"हाव! चाकूर!" म्हाताऱ्यानं टाळी दिली. आणि का कुणास ठाऊक, चाकूरच्या नावानं आलियाच्या डोळ्यांत पाणी आलं. चाकुरात तिनं बसच्या खिडकीतून एकदा फक्त काकड्या घेतल्या होत्या.

म्हाताऱ्याचं नाव गुरुपादप्पा. ती त्यांना अप्पा म्हणू लागली. ते रोज यायचे. त्यांचा मुलगा मन्मथ जवळच एका कंपनीत इंजिनिअर होता. त्यानं अप्पांना पार्काचा वर्षाचा पास काढून दिला होता. सकाळी कामावर जाताना तो त्यांना फाटकाशी सोडायचा, संध्याकाळी न्यायचा. आलियाला आधी वाटलं, हौशी दिसतात.

"अप्पा, त्या मोठ्या पाळण्यात बसलात का?"

"कशाला? धरणी हलल्यावर माणसं कशी वरडतेत ते म्या बघितलंय."

मग एक दिवस, गर्दी कमी असताना, त्यांनी आपणहूनच सांगितलं. घरात बसवत नाही. मन्मथचं घर लाकडाचं. वरच्या मजल्यावर नातू पळाला की भिंती बोलतात. गावाकडं ते गेली कैक वर्षं सरकारनं दिलेल्या पक्क्या घरात झोपलेले नाहीत, अंगणातल्या पत्र्याच्या शेडात झोपतात. चारी बाजू मोकळ्या. इथं अमेरिकेत ते मागच्या हिरवळीवर गोधडी टाकून झोपू लागले, तर शेजाऱ्यानं पोलिसांना बोलावलं.

"सून चांगली हाय. पोरगं चांगलं हाय. पर छताखाली माझा जीव गुदमरतो बघ. हितं बरं हाय. डोईवर काही न्हाई."

त्र्याण्णव सालचं त्यांनी थोडक्यात सांगितलं. गणपती बुडवून माणसं दमून झोपली होती. अप्पा रानात जागलीला होते. पहाटेच्या आधी जमिनीतून गाडी गेल्यासारखा आवाज झाला. ते धावत गावात आले तर गाव नव्हतं, दगडांचा ढीग होता आणि धूळ. दिवस वर येईपर्यंत त्यांनी हातांनी दगड उपसले. मन्मथ जिवंत निघाला. त्याची आई, गौरम्मा, निघाली, पण उशिरा.

"तेव्हा केवढे होते मन्मथदादा?"

"शाळंत जायाचा. त्यानंतर त्यानं आईचं नाव न्हाई काढलं. म्या बी न्हाई काढलं. पोरगं हुशार. मास्तर म्हणले, लातूरला ठेवा, हितं काय राह्यलंय. म्हणून ठेवलं. क्लासचे सर म्हणले, घरचं काही त्याच्या कानावर घालू नका, मन लागणार न्हाई. मी आठवड्याला येष्टीनं डबा घेऊन जायाचो. डबा वाचमनपाशी द्यायाचा आन् समोरच्या टपरीवर हुभं राहायाचं. क्लास सुटला की पोरं भाईर यायची. त्यात हा दिसायाचा. दिसला की मी माघारी."

"हाक नाही मारायचात?"

"शिकून राहिलं होतं ना ते. हाक मारली असती तर मन मागं आलं असतं." अप्पांनी बुटाच्या टोकानं फरशीवरचं वाळकं पान बाजूला केलं. "मग ते पुण्याला गेलं. मग हिकडं आलं. ते लातूरला गेलं ना, तवाच घरातनं गेलं बघ. मागं आलंच न्हाई."

आलियाच्या डोळ्यांपुढं मन्मथ नव्हता, फैजान होता. गेल्या कित्येक महिन्यांत तो फोनवर "ठीक है" सोडून काय बोलला होता, ते तिला आठवेना.

जेवणाच्या सुट्टीत तिनं नांदेडला फोन लावला. "अब्बा, लातूर जाओ. डब्बा देके वापस मत आना. उसको मिलके आना. बैठो उसके पास."

"क्यूं, कुछ बोला क्या वो?"

"नै बोला. इसलिएच जाओ."

जिलानी दुकान बंद ठेवून गेला. परत आल्यावर त्यानं जे सांगितलं ते तुटक तुटक सांगितलं. पोरगा वाळला होता. खोलीतला जोडीदार मधेच क्लास सोडून गेला होता आणि फैजान एकटाच त्या खोलीत राहत होता. बापाला दारात बघितल्यावर आधी तो म्हणाला, "कौन मर गया?" मग गळ्यात पडला तो सुटेचना. जिलानीनं त्याची पेटी उचलली आणि त्याच दिवशी त्याला घेऊन आला. शकिला दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. लोक काय म्हणतील, एवढा चांगला क्लास सोडवला म्हणून. पण फैजान घरी जेवायला लागला, नांदेडच्याच एका क्लासला जायला लागला, आणि मग तीही निवळली. फोनवर आता मागून त्याचा आवाज यायचा, टीव्हीवरून भांडताना. आलियाला बरं वाटायचं. आणि फोन ठेवल्यावर अधिकच एकटं वाटायचं. फैजानला न्यायला अब्बा गेले होते. तिला न्यायला कुणी येणार नव्हतं. ती मजेत आहे असंच सगळे धरून चालले होते.

अप्पांना हे तिनं सांगितलं, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या बापानं बरं केलं," म्हणाले.

उन्हाळा लागला तशी दुपारची वादळं सुरू झाली. तिकडं वीज कडाडू लागली की पाहुण्यांना छताखाली न्यायचं, उघड्यावर कुणालाही ठेवायचं नाही, असा कडक नियम होता. पहिलं मोठं वादळ आलं त्या दिवशी आभाळ एकदम काळवंडलं आणि असा गडगडाट झाला, की हवेलीच्या पोकळ खिडक्या खडखडल्या. लोक हसत, ओरडत आत पळाले. बाकावर अप्पा तेवढे राहिले.

दोन सुरक्षारक्षक आले. चांगली माणसं होती. त्यांनी अप्पांना दोन्ही बाजूंनी हळूच धरलं आणि हवेलीकडं आणलं. उंबऱ्यापर्यंत अप्पा आले. तिथं दुसरा गडगडाट झाला, वरचं लोखंड थरथरलं, आणि अप्पांनी दाराचा खांब मिठी मारून धरला.

"गौरे! भाईर ये! भाईर ये गं!"

आतली माणसं वळून बघू लागली. एका पोरानं कॅमेरा काढला. रक्षक अप्पांचे हात सोडवायला गेले तेव्हा ते हिसका देऊन निसटले आणि चौकाच्या मधोमध, भर पावसात, जमिनीवर जाऊन बसले.

सुपरवायझर बाई आलियाला म्हणाली, "बाहेर जायचं नाही. त्यांना इथूनच सांग."

आलियानं दारातून हाका मारल्या. पावसात त्या पोचल्याच नसाव्यात. मग ती गेली. मागून बाईनं तिचं नाव घेऊन दरडावलं ते तिला ऐकू आलं, पण ती अप्पांजवळ जाऊन फरशीवर बसली. घागऱ्याचा रंग पाण्यात उतरून तांबडा ओघळ वाहू लागला. वीज चमकली की तिलाही भीती वाटत होती. अप्पांचा हात बर्फासारखा झाला होता.

"अप्पा, मी आलिया. नांदेडची."

"आत कोण हाय का बघ," ते म्हणाले. "सगळे भाईर काढ."

"सगळे बाहेर आहेत, अप्पा." खोटं होतं, पण दुसरं काय सांगणार?

अप्पांच्या खिशातल्या कार्डावर नंबर होता. रक्षकानं तो लावला. पाऊस ओसरायच्या आत मन्मथ आला. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, पायात चकचकीत बूट. तो आधी रक्षकांना सॉरी म्हणाला, मग सुपरवायझर बाईला सॉरी म्हणाला. मग चौकात येऊन बापासमोर उभा राहिला.

"अप्पा, चला."

अप्पा उठले नाहीत. मन्मथनं आलियाकडं बघितलं. एवढा शिकलेला माणूस, पण पुढं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं हे तिला दिसलं.

"बसा तुम्ही पण," ती म्हणाली.

तो बसला. तिघं भिजत बसले. जरा वेळानं अप्पांनी हात पुढं केला आणि मुलाच्या केसांतून बोटं फिरवायला लागले. वेचून वेचून काही काढावं तसे.

"माती हाय," म्हणाले. "लई माती भरलीय."

मन्मथनं मान खाली घातली आणि बापाला करू दिलं. त्याचे खांदे हलत होते. आलिया उठून दूर जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून अप्पा दिसले नाहीत. पार्कवाल्यांनी अत्यंत सभ्य शब्दांत त्यांचा पास रद्द केला होता. आलियाला लेखी ताकीद मिळाली आणि तिची बदली हवेलीच्या आतल्या दुकानात झाली. पितळी हत्ती आणि अगरबत्त्या विकायला. दारातून बाक दिसायचा. त्यावर कुणी ना कुणी बसलेलंच असायचं. आइस्क्रीम खाणारी पोरं, बूट काढून पाय चोळणाऱ्या बाया. पुन्हा दिवसचे दिवस तिच्या तोंडून मराठी शब्द निघत नव्हता. कधी कधी ती हत्ती पुसताना हळूच लोहा, माळाकोळी, अहमदपूर म्हणत राहायची.

काही आठवड्यांनी मन्मथ एकटाच दुकानात आला. एक हत्ती उचलला, ठेवला.

"अप्पांना मागच्या आठवड्यात गावी सोडून आलो," तो म्हणाला. "त्यांनीच मागितलं. तुम्हाला सांगायला सांगितलंय."

"बरे आहेत?"

"शेडात झोपतात. बरे आहेत." तो घुटमळला. "एक विचारू? ते तुमच्याशी काय बोलायचे?"

बापाचं बोलणं मुलानं परक्या पोरीला विचारावं, आणि तेही पितळी हत्तींच्या दुकानात. तिनं सांगितलं. देवणीच्या बैलजोडीचं सांगितलं, सुनेच्या हातच्या कढीचं सांगितलं. मग डब्याचं सांगितलं.

"वॉचमनजवळ डबा यायचा," मन्मथ म्हणाला. "मला वाटायचं, गावचं कुणी आणून देतं. अप्पांना यायला सवड नसेल."

"ते समोरच्या टपरीवर असायचे. दर वेळी. तुम्ही दिसेपर्यंत."

मन्मथनं तो हत्ती पुन्हा हातात घेतला. मग म्हणाला, "मी कधी रस्त्याच्या पलीकडं बघितलंच नाही." पाहुण्यांचा एक घोळका आत आला, आलियाला हात जोडावे लागले, आणि ती वळली तोवर तो निघून गेला होता.

वर्ष संपलं. आलिया नांदेडला आली. गल्लीतल्या बायकांनी पाळण्यांविषयी विचारलं, बर्फ पडतं का विचारलं. फैजाननं फोटो बघितले. शकिलानं तिच्या आवडीची खिचडी-खट्टा केला आणि समोर बसून तिला वाढलं. सगळं हवं तसं होतं, तरी आलियाला घरात शब्द सापडत नव्हते. अखेर एका सकाळी ती लातूरच्या बसमध्ये बसली, लातूरहून दुसरी बस धरली आणि अप्पांच्या गावी उतरली.

नवं गाव सरळ रेषेतलं होतं, एकसारख्या घरांचं. एका घरासमोर पत्र्याचं शेड होतं. पक्क्या घरात सोयाबीनची पोती रचलेली दिसत होती. शेडात अप्पा चार म्हाताऱ्यांत बसले होते. हवेलीसमोर दिसायचे त्यापेक्षा ताठ, आणि आवाज मोठा. तिला बघून त्यांनी डोळे बारीक केले. सलवार-कमीजमध्ये ओळख पटायला वेळ लागला.

"आरं! नांदेडची पोरगी ना तू?" त्यांनी हाका मारून चहा-चिवडा मागवला. "ही तिकडं अमेरिकेत भेटलती बघा. लई गुणाची."

म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. मन्मथ आता दर रविवारी फोन करतो, तासतासभर बोलतो, आईचंबी बोलतो, अप्पांनी सांगितलं. ते ऐकून आलियाला आनंद झाला, अगदी खरा. मग पंचायतीचा विषय निघाला, कुणाच्या तरी बोअरला पाणी लागलं होतं, आणि अप्पा त्यात रंगून गेले. मधूनच वळून ते "खा गं, लाजू नको," म्हणायचे. तिथं त्यांना बोलायला माणसं होती. आलियानं मनात बरंच काही साठवून आणलं होतं; त्या दुकानातल्या दिवसांचं, घरी सापडत नसलेल्या शब्दांचं. पण ते काढायला इथं जागा नव्हती, आणि त्यात अप्पांचा काही दोष नव्हता.

ती निघाली तेव्हा अप्पा शेडाच्या खांबापर्यंत आले. "येत जा," म्हणाले.

"येते, अप्पा."

फाट्यावर बस मिळाली. खिडकीपाशी जागा होती. शेजारी बसलेल्या बाईनं मांडीवरची भाजीची पिशवी सावरली आणि तिला न्याहाळलं.

"हितली न्हाईस वाटतं. कुणाकडं आलतीस?"

काय नातं सांगावं?

"पाव्हण्याकडं," ती म्हणाली.

बाईचं समाधान झालं. तिनं पिशवीतली एक काकडी काढून आलियाच्या हातात दिली, आणि बस लातूरच्या रस्त्याला लागली.